तिने बसून पाहिलेली होडी

बाबा,

तुम्हांला वाचता येत नव्हते. घरी जी काही पत्रे येत ती मीच तुम्हांला ओसरीवर बसून वाचून दाखवत असे, आणि तुम्ही जाळ्याला गाठी मारता मारता, मान वर न करता ऐकत असायचात. तेव्हा हे पत्र लिहिण्यात काही व्यवहार नाही, हे मला कळते. तरीही लिहितो आहे, कारण मी तुमच्यावर रागावलेलो आहे, आणि तुम्ही जाऊन इतकी वर्षे झाली तरी हा राग नेऊन ठेवायला मला दुसरी जागा सापडलेली नाही.

मी होडी घेतली. लाकडाची नव्हे, ॲल्युमिनियमची. दोन माणसे बसून गळ टाकतील एवढीच. तुम्ही असता तर तिच्यावर बोट वाजवून पाहिले असते आणि हसून म्हणाला असता, "होरी हाय का डबा?" मी कॉलेजात जाऊ लागलो आणि तुम्हांला 'तू' म्हणणे सोडून 'तुम्ही' म्हणू लागलो, तेव्हाही असेच हसला होता. "आथा सायेब झाला आमचा," असे साऱ्या मनोरी गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला होता. मी 'तुम्ही' सोडले नाही. आजही सोडत नाही. त्यात आदर किती आणि अंतर किती, याचा हिशेब मला करावयाचा नाही.

होडीची कल्पना माझी नव्हती, तुमच्या सुनेची होती. मी विमा कार्यालयातून निवृत्त झालो आणि बोरिवलीच्या त्या दोन खोल्यांत दिवसभर तिच्या मागेपुढे फिरू लागलो, तेव्हा एके सकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली, "कोळ्याचा मुलगा आहेस आणि मासे बाजारातून आणतोस. लाज वाटत नाही का रे? आपण होडी घेऊ." मी म्हणालो, या वयात लाकडी होडीची निगा कोण राखणार, दरवर्षी रंग, तेल. ती म्हणाली, "मग पत्र्याची घेऊ." आणि थोडे थांबून, गाळणे झटकत, "धुवायला सोपी पडेल, तुझ्या घरच्यांना."

ती हसत होती. मला हसता आले नाही. त्या गोष्टीचा इतक्या वर्षांत तिने केलेला हा एकमेव उल्लेख, आणि तोही विनोद म्हणून. तुम्हांला आठवते का, हे मी विचारणार नाही. तुम्हांला आठवत असलेच पाहिजे, अशी माझी मागणी आहे.

आमच्या लग्नाला तेव्हा महिनाही झाला नव्हता. तुमची होडी वाळूवर ओढून ठेवलेली आहे. आई होडीत बसून जाळ्यात अडकलेले खेकडे सोडवते आहे, जशी ती रोज सकाळी बसे. तुमची सून, घाटकोपरच्या बौद्ध घरातली, माझ्याच वर्गात शिकलेली मुलगी, चपला हातात घेऊन वाळूत उभी राहून ते काम पाहते आहे. आई तिला म्हणते, "ये गो, वर ये, तिथून काय दिसतंय तुला?" आणि स्वतःचा ओला हात पुढे करते. ती चढते. आईच्या समोर बसते, एक खेकडा सोडवायला जाते, बोटाला चिमटा बसतो, दोघी हसतात. मी तिथे आहे, मी हे पाहिले आहे. मग तुम्ही येता. तुम्ही तिला काहीच बोलत नाही. तुम्ही आईला म्हणता, "आन गो पानी. हलद टाक त्यात."

"कशाला?" आई विचारते.

"होरीला बायचा पाय लागला."

मी म्हणालो, "आई रोज चढते, बाबा." आणि तुम्ही माझ्याकडे न पाहता, जणू एखाद्या लहान मुलाला साधी गोष्ट समजावून सांगावी तशा स्वरात म्हणालात, "ती आपली हाय."

तीन शब्द. मी आयुष्यात पुष्कळ युक्तिवाद केले, दाव्यांचे लांबलचक अहवाल लिहिले, वरिष्ठांशी भांडलो. त्या तीन शब्दांना उत्तर मला अजून सापडलेले नाही, कारण ते उत्तर देण्याच्या लायकीचेच नव्हते. त्या क्षणी मी जे ओरडलो ते सबंध किनाऱ्याने ऐकले, आणि त्याचा उपयोग एवढाच झाला की आणखी माणसे जमा झाली. तुम्ही मात्र शांतपणे, ती जिथे बसली होती ती फळी, जिथे पाय ठेवला होता ती कड, पितळी तांब्याने पाणी ओतून ओतून धुतलीत. बाईचा पाय हा तुमचा बहाणा होता. बहाणा शोधावा लागला, म्हणजे आपण करतो आहोत ते काय आहे हे तुम्हांला ठाऊक होते. अडाणीपणाची सवलत मी तुम्हांला देत नाही, ती याच कारणाने. तुमची सून कुठेही गेली नाही. होडी धुऊन होईपर्यंत, चपला हातात धरून, समोर उभी राहिली. तुम्ही तांब्या खाली ठेवलात तेव्हा तिने मला विचारले, "झालं? चल."

त्यानंतर तुम्ही हयात असेपर्यंत मी त्या किनाऱ्यावर पाऊल ठेवले नाही. तुम्ही मात्र दरवर्षी आईच्या हाती सुके बोंबील पाठवत राहिलात. निरोप नाही, विचारपूस नाही, वर्तमानपत्रात बांधलेले बोंबील. पहिल्या वर्षी मी ते पुडके खिडकीतून फेकायला निघालो होतो. तुमच्या सुनेने ते माझ्या हातातून काढून घेतले. "माशांनी काय केलंय रे तुझं?" म्हणाली, आणि कांदा चिरायला बसली. पुढे काही वर्षांनी तीच तव्यावर बोंबील परतते आहे, घरभर तो वास भरला आहे, लहान लेक नाक धरून पळते आहे आणि मी गॅलरीत पाठ करून उभा आहे, हे चित्र आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. तिने खाल्ले. मी खाल्ले नाही. मला सर्वांत अधिक संताप याचा येतो, बाबा, की मोठे मन दाखवण्याचे कामही तिच्यावरच पडले. ज्याने धुतले त्याने केवळ पुडके पाठवायचे, आणि जिची जागा धुतली तिने ते गोड मानून घ्यायचे. तुम्हांला ही वाटणी न्याय्य वाटली असेल. मला ती कधीच वाटली नाही.

असो. होडीकडे येतो. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात अशा होड्या बनतात, तलावांवर आणि रिसॉर्टवाल्यांना लागतात त्या. आम्ही दोघे तिथे गेलो. दोन होड्या तयार होत्या. एक निमुळती, बूड धारदार, थेट तुमच्या होडीच्या बांध्याची. दुसरी रुंद, चपट्या बुडाची, समोरासमोर दोन बाके असलेली. गाळ्याचा मालक मालवणकडचा, बोलघेवडा. "ही लाटेला कापत जाईल काका, पण कडेवर जोर दिलात की कलणार. आणि ही? हिच्यात उभं राहून नाचलात तरी चालेल." तुमची सून काही न बोलता चपट्या होडीत जाऊन बसली. सिमेंटच्या जमिनीवर ठेवलेल्या होडीत, साडी सावरून, पर्स मांडीवर घेऊन. "कंडक्टर," ती मला म्हणाली, "एक घाटकोपर द्या." मालक खो खो हसला. ती उतरेचना. "हीच," म्हणाली. "हिच्यात मला समोर बसता येईल. त्या दुसरीत मी तुझी पाठ बघत बसू का?"

आठवड्याभराने पुन्हा जाऊन ठरवू, असे म्हणून आम्ही परतलो. त्या आठवड्यातच ती गेली. दुपारी जेवण झाल्यावर आडवी झाली, ती उठली नाही. याहून अधिक मी लिहू शकत नाही.

काही महिन्यांनी मी एकटाच त्या गाळ्यात गेलो. "काकू नाय आल्या?" मालकाने विचारले. मी सांगितले. त्याने हातातले फडके खाली ठेवले. मग हलक्या आवाजात म्हणाला, "तसं असेल तर काका, निमुळती न्या. एकट्या माणसाला चपटी बरी नाय. तुम्ही मागे इंजिनाजवळ बसणार, पुढे कोणी नाय, म्हणजे नाळ, हे पुढचं टोक, वर उचलणार, वाऱ्याला भिडणार. पुढे वाळूची गोणी ठेवावी लागेल तुम्हाला." तो बरोबर सांगत होता. तुम्हीही हेच सांगितले असते. एकटा माणूस, एकट्याची होडी. लेकीने मुलुंडहून फोनवर हेच सांगितले. तुमच्या बांध्याची ती होडी घेण्यात शहाणपण होते, आणि नेमके म्हणूनच मला ती नको होती.

तुम्ही मला होडी पारखायला शिकवले होते. सपाट जागेवर ठेवून तळात तांब्याभर पाणी ओतायचे आणि ते कुठे जाऊन थांबते ते पाहायचे. मध्यावर थांबले तर होडी सरळ. एका अंगाला गेले तर तळात पीळ आहे, ती जन्मभर त्या अंगाला कलणार. नवी होडी घेताना तुम्ही मला खांद्यावर बसवून ते पाणी दाखवले होते. तुमच्याकडून मला मिळालेली ती एकमेव विद्या. मी मालकाकडून बाटलीभर पाणी मागून घेतले. निमुळतीत ओतले. पाणी धावत मध्यावर आले आणि सरळ रेषेत थांबले. निर्दोष होडी. मग मी दुसरीकडे वळलो, बाटली तिरपी केली, आणि ती जिथे पर्स घेऊन बसली होती ते बाक मला दिसले.

मी पाणी ओतले नाही. तिने बसून पाहिलेल्या जागी, तुमच्याकडून शिकलेल्या हाताने, मी पाणी ओतणार नव्हतो. मालक म्हणाला, "हिचंही बघून घ्या ना काका." मी म्हणालो, गरज नाही, हीच द्या.

टेम्पोने भाईंदरकडून वळसा घालून ती मनोरीला आणवली. तुमची होडी जिथे ओढून ठेवलेली असे, तिथेच ठेवली, जाणूनबुजून. लेक आली होती. तिला त्या दिवसाविषयी काही ठाऊक नाही. तिच्या आईने तसे ठरवले होते, आणि तो निर्णय मोडण्याचा मला अधिकार नाही. होडी पाण्यात लोटली. किनाऱ्यावर जाळी विणत बसलेली माणसे पाहत होती, त्यांत तुमच्या वयाला पोहोचलेलेही होते. मी लेकीला म्हणालो, "आधी तू चढ." इतक्या मोठ्याने म्हणालो की तीच दचकली. "ओरडता कशाला पप्पा, इथेच तर आहे मी," असे म्हणत ती चढली आणि समोरच्या बाकावर, माझ्याकडे तोंड करून बसली. पाणी आणा म्हणणारे कोणी उरले नव्हते, आणि ज्यांनी हे पाहायला हवे होते ते, तुम्ही आणि तुमची सून, दोघेही नव्हता.

खाडीच्या मध्यावर इंजिन बंद केले तेव्हा लेक म्हणाली, "पप्पा, ही डावीकडे कलतेय का?"

"नाही."

"कलतेय. थांबा, मी सरकते." ती बाकावर उजवीकडे सरकली, आणि होडी सरळ झाली.

ती कलते, बाबा. तळात पीळ आहे. त्या दिवशी पाणी ओतले असते तर कळले असते. मी एकटा जातो तेव्हा वाळूची गोणी पुढे, लेक सरकली होती त्याच अंगाला ठेवतो. होडी परत करणार नाही, आणि तुम्हांला क्षमाही करणार नाही. हे पत्र लेकीच्या हाती पडण्यापूर्वी मी फाडून टाकीन, कारण तुम्हांला वाचून दाखवणारा मीच होतो, आणि हे मी तुम्हांला आता वाचून दाखवले आहे. केवळ एक गोष्ट राहिली. होडी कलली तेव्हा, लेकीला 'नाही' म्हणण्याच्याही आधी, मान आपोआप किनाऱ्याकडे वळली होती. तुम्ही उभे आहात का, आणि पीळ कसा काढायचा ते विचारता येईल का, हे पाहायला.