वाक्य पुरं होईपर्यंत

कात्रज, पुणे

प्रिय अपू,

शेजारचा योगेश शनिवारी तिकडे पोचतोय. त्याच्या बॅगेत भाजणीच्या पिठाबरोबर हे पत्रही कोंबते आहे. भाजणी पाहून खूश होशील, पत्र पाहून घाबरशील. घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. खरोखरच ठीक, फोनवर सांगते तसलं नाही.

परवा फोनवर तू चांगलीच तापलीस. तो पाद्री दर गुरुवारी आपल्या घरी येतो आणि तू त्याला चहा पाजतेस, त्याचं येणं बंद कर, नाहीतर मी सोसायटीच्या चेअरमनना फोन करते, असं बरंच काही. जरूर कर. त्यांना वर्षभरात लिफ्ट दुरुस्त करता आली नाही, ते पाळकांना काय अडवणार! (त्यांच्यात पाळक म्हणतात, पाद्री नाही. मीही नव्यानेच शिकले.) पण तुझी काळजी मला कळते गं. बाबा आजारी, आई एकटी, मुलगी समुद्रापार. त्यात पक्षाघाताचा झटका आल्यापासून बाबा तुझ्याशी एकदाही फोनवर बोललेले नाहीत. फोन पुढे केला की मान फिरवतात. बाबा माझ्यावर रागावलेत का, असं तू रडवेली होऊन विचारतेस आणि मी 'छे गं' म्हणते. कारण काय ते मलाही माहीत नव्हतं.

हे पाळक, सलिल आढाव, आपल्याकडे आले तेच मुळी चुकून. आपल्या सोसायटीत पंडित दोन. ए विंगमध्ये आपण आणि बी विंगमध्ये ते अनंत पंडित, तेही अंथरुणाला खिळलेले, पण ख्रिस्ती. वॉचमनला यांनी 'आजारी पंडितकाका कुठे राहतात' विचारलं, त्याने बोट दाखवलं ते आपल्या दाराकडे. मला वाटलं, बाबांच्या हाताखाली वकिली शिकलेल्यांपैकी कोणी असेल. मी थेट आतल्या खोलीत नेऊन बसवलं आणि दारातच उभी राहिले. खुर्ची पलंगाजवळ ओढून ते बाबांना म्हणाले, "काका, मी नवा आलोय, म्हणून ओळख नाही. पण रविवारी चर्चमध्ये सगळे तुमची आठवण काढतात. तुमची जागा रिकामी दिसते म्हणतात." ज्या माणसाने उभ्या जन्मात सारसबागेच्या गणपतीलाही रस्त्यावरूनच नमस्कार केला, त्याची चर्चमधली जागा रिकामी! बाबांच्या भुवया कपाळात गेल्या.

आता तुला एक सांगायला हवं. बाबांना कळतं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत यायला वेळ घेतात. जन्मभर शिवाजीनगर कोर्टात बोलण्यावर पोट भरलेला माणूस. भेटायला येणारा प्रत्येक जण प्रेमाने त्यांना शब्द पुरवायचा. त्यांनी 'प' म्हटलं की पाणी, पंखा, पेपर सगळं हजर. त्यांना म्हणायचं असायचं पडदा. मग त्यांनी बोलणंच सोडून दिलं. मान हलवायची, डोळे मिटून घ्यायचे.

त्या दिवशी बाबांनी तोंड उघडलं. "तु... तुम्ही..." आणि गाडी अडली. मी सवयीने पुढे सरसावले, पण सलिलनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते बाबांकडे पाहत राहिले. घड्याळाकडे नाही, मोबाईलकडे नाही. चेहऱ्यावर ती कीवही नाही. कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली. आणि मग एकेक शब्द ढकलत बाबांनी वाक्य पुरं केलं. "तुम्ही चुकीच्या घरात आलात."

झटक्यानंतरचं त्यांचं पहिलं सबंध वाक्य, अपू, आणि तेही पाहुण्याला दार दाखवणारं! अस्सल पुणेकर. सलिल आधी गोरेमोरे झाले, मग इतके हसले की बाबाही एका बाजूने हसायला लागले. म्हणाले, "आता आलोच आहे, तर पाणी मिळेल का?" पाणी प्यायले, माफी मागितली आणि बी विंगमध्ये गेले. पुढच्या गुरुवारी तिकडून परतताना पुन्हा बेल. "काकांना विचारा, चुकीच्या घरात आलं तर चालेल का?"

तुझ्यासारखीच शंका मलाही आली होती. मी कसब्यात वाढलेली बाई, आडपडदा मला जमत नाही. चहाचा कप हातात देतानाच विचारलं, "धर्माबिर्माचं काही काढणार नाही ना?" ते रागावले नाहीत. "बरं झालं विचारलंत, काकू. मी माझ्या प्रभूचं नाव लपवणार नाही आणि तुमच्यावर लादणारही नाही." पुढे कधीतरी बाबांनीच त्यांना विचारलं, माझ्यासाठी प्रार्थना करता का. ते म्हणाले, "रोज करतो, घरी. इथे केली तर तुम्हाला अवघडल्यासारखं होईल." बाबा म्हणाले, "क... करा. हरकत नाही." कोर्टातलीच सवय, दुसरं काय!

ते काही संतबिंत नाहीत हं. एका गुरुवारी सकाळीच कोणाची तरी अंत्यविधीची प्रार्थना करून आले होते. बाबा शब्द जुळवत होते तोवर हे खुर्चीतच पेंगले. मी उठवायला गेले तर बाबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि डाव्या हाताने स्वतःच्या अंगावरची शाल माझ्याकडे सरकवली. इतके दिवस सगळे बाबांचं करत होते. त्या दिवशी बाबांनी कोणाचं तरी केलं. ती सलिलच्या अंगावर घालताना मला इतकं भरून आलं, काय सांगू.

एका बाबतीत मात्र मला त्यांचा राग येतो. बाबा त्यांच्याशी दार लोटून तासभर काय बोलतात, ते मला सांगत नाहीत. खोदून विचारलं तर "ते काकांनाच विचारा." त्रेचाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोला हे उत्तर! पण बी विंगच्या पंडितांविषयीही ते माझ्यापाशी कधी अक्षर काढत नाहीत, आणि म्हणूनच बाबा त्यांच्यापाशी मोकळे होतात, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही.

आता या पत्राचं कारण. गेल्या गुरुवारी दार नीट लागलं नव्हतं. मी भाजी परतत होते आणि आतून बाबांचा आवाज आला. "अपू... अपूर..." पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच अडायचे. तुझं पूर्ण नाव, बाळा. तुला कधीच अपू न म्हणणारे तुझे बाबा तुझं नाव घ्यायला धडपडत होते. म्हणून मान फिरवत होते ते. लेकीच्या कानावर तिचं नाव मोडकं पडू नये म्हणून. मी गॅस बंद करून तशीच उभी राहिले, आणि शेवटी एकदा ते सबंध आलं. सलिल बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, पण त्यांनी फक्त चहा मागितला. काल रात्री बाबांनी फोनकडे बोट दाखवून मला सांगितलं, "रविवारी." हे तुला फोनवर का नाही सांगितलं? कारण फोनवर तू मलाही वाक्य पुरं करू देत नाहीस. तर या रविवारी फोन आला की हातातलं काम ठेव. ते अडतील, तुझ्या ओठांवर शब्द येईल, तो गिळ. रडू आलं तरी आवाज करू नकोस. त्यांची हाक पुरी होऊ दे, मग ओ दे.

तुझीच,
आई