डाव्या डोळ्याचे आकडे जुळत नसल्याबाबत

प्रति,
मा. उपचार मंजुरी अधिकारी,
बालरुग्ण विभाग, दुसरा मजला

विषय : उजव्या डोळ्याची मंजुरी डाव्या डोळ्यास लावून मिळणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र, 'अहवाल जुळले, सबब उजवा डोळा मंजूर.'

महोदय,

१. अर्जदार ही शिवणकाम करणारी बाई असून तिची मुलगी अकरा वर्षांची आहे. आईला सुईत दोरा ओवून देताना "एका सुईला तीन भोकं दिसतात," असे ती म्हणाली, तेव्हा डोळे तपासले. डॉक्टर म्हणाले, "बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतोय. औषधाचे थेंब घालून, वरून अतिनील प्रकाश देऊन तो घट्ट करता येतो. गेलेली नजर परत येत नाही, पण पुढची पडझड थांबते. मुलांत हा आजार घोड्यावर बसून येतो. थांबू नका."

२. आपल्या कार्यालयाने आजार वाढत असल्याचा पुरावा मागितला. सबब अर्जदार सहा महिने थांबली. दुसऱ्या अहवालात दोन्ही डोळ्यांचा आजार वाढलेला निघाला. सांगण्यास लाज वाटते, पण क्षणभर बरे वाटले. लिपिकसाहेबांनी दोन्ही अहवाल शेजारी ठेवून फर्मावले, "बाई, आकडे जुळत नाहीत. जुळणारे आणा." "जुळले तर आजार वाढला कसा म्हणायचा, साहेब?" असे विचारले असता, "ते डॉक्टरांना विचारा," असे उत्तर मिळाले. डॉक्टरांना विचारले. त्यांनी अहवालावर 'आजार वाढला, म्हणूनच जुळत नाहीत' असे लिहून दिले; तेही लिपिकसाहेबांना पटले नाही.

३. अखेर डॉक्टरांनी स्वतःच्या प्रशिक्षणवर्गात मुलीचा उजवा डोळा उपचारास घेतला. तेथे मंजुरी लागत नाही, पण एका रुग्णाचा एकच डोळा घेतात. मुलगी म्हणाली, "आई, डाव्याला थांबायला सांग." तो ऐकत नाही.

४. उपचारानंतर उजव्याचा आजार थांबला, त्यामुळे त्याचे पुढचे दोन अहवाल जुळले आणि आपली मंजुरी आली. उजव्यास तिची गरज नाही. लिपिकसाहेब म्हणतात, "आधी मंजूर डोळ्याचा उपचार पूर्ण करा, मग दुसऱ्याचं बघू."

५. डाव्याचा पडदा आता ४१२ मायक्रॉन जाडीचा उरला आहे. चारशेच्या खाली गेल्यास नेहमीच्या पद्धतीने उपचार करता येत नाही. मंगळवारी सकाळी नऊची वेळ मिळाली आहे. मंजुरी डाव्याचीच आहे, असे अर्जदाराने डॉक्टरांना सांगून टाकले आहे. अर्जदारास खोटे बोलण्याची सवय नाही. तरी 'उजवा' खोडून 'डावा' लिहून तेवढे खरे करून द्यावे.

आपल्या एका शब्दासाठी थांबलेली,
नम्र अर्जदार (मुलीची आई)
शुक्रवार

सोबत :
१. डाव्या डोळ्याचे न जुळणारे अहवाल, तीन.
२. मुलगी, समक्ष. बाहेर बाकावर बसली आहे.