उडी आणि अहवाल

परभणी,
६ मार्च १९९४

प्रिय मल्लम्मा,

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पत्र बाजूला ठेवशील, अशी भीती वाटते. तरी पुढं वाच. मागच्या महिन्यात टीव्हीवर नॉर्वेतलं हिवाळी ऑलिंपिक दाखवत होते. पायांना लांब पट्ट्या बांधलेली माणसं बर्फाच्या उतारावरून सुसाट येत होती, उंचवट्यावरून आभाळात फेकली जात होती आणि तिथं दोन-दोन, तीन-तीन कोलांट्या घेऊन अलगद पायांवर उतरत होती. फ्रीस्टाइल स्कीइंग म्हणतात त्याला. हवेतल्या या उड्यांना यंदा पहिल्यांदाच पदक होतं. तीस वर्षं मुलांना कसरती शिकवल्या, पण इतकं देखणं काही पाहिलं नव्हतं. तरी शेवटपर्यंत न बघता मी टीव्ही बंद केला.

हा खेळ मला माहीत होता, हे तुला आठवत असेल. कृषी विद्यापीठाच्या वाचनालयातल्या एका जुन्या इंग्रजी मासिकातलं चित्र मी बोरीच्या शाळेत आणून तुला दाखवलं होतं. त्या मासिकाच्या काळी त्या खेळाला ना धड नियम होते, ना मान. कुणी बर्फावर नाचायचं, कुणी मनाला येईल तशी कोलांटी मारायचं. चित्राखालचा मजकूर मी तुला वाचून दाखवला नाही. उड्या मारताना माणसांचे मणके मोडले म्हणून कित्येक ठिकाणी कोलांट्या बंद कराव्या लागल्या, असं तिथं लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि चित्र तेवढं घेतलं.

त्या लोकांनी पुढं काय केलं, ते परवा कळलं. आधी उडी पाण्यात मारायची, शेकडो वेळा. शिकवणाऱ्यानं ती पास केल्याशिवाय बर्फावर जायचंच नाही. उतरायच्या जागेवरचा बर्फही आधी फोडून भुसभुशीत करतात. आता नुसत्या उंचीला गुण नाहीत; अंग कसं ठेवलं, उतरलात कसे, तेही मोजतात. जे मोडले त्यांच्याकडं बघून तो खेळ शहाणा झाला.

आणि मी? स्नेहसंमेलनाच्या सकाळी उडीखाली अंथरायच्या गाद्या पाहुण्यांना बसायला मंडपात नेल्या होत्या. स्प्रिंगबोर्डाजवळ उभी राहून तू विचारलंस, "सर, गाद्या?" मी म्हणालो, "दोन कोलांट्या घे. होतंय तुला." तू चौदा वर्षांची होतीस. त्यानंतर तू उभी राहिली नाहीस.

संध्याकाळी मी अहवाल लिहिला: विद्यार्थिनीनं शिक्षकांची परवानगी न घेता, मनाई असताना उडी मारली. खाली माझी सही आहे. पुढच्याच वर्षी मी बदली मागून परभणीला आलो.

आज दुपारी औषधाच्या दुकानात तुझे वडील रेवणप्पा भेटले. तुझ्या पाठीच्या जखमांसाठी मलम घ्यायला आले होते. मी त्यांना घरी आणलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, ते माझ्या अंगावर येतील. ते मलमाची डबी चाचपत राहिले. मग म्हणाले, "पोरीनं मला तवाच सांगितलं होतं, सर. मीच म्हणलं, सर खोटं लिहितेत व्हय? तवापासून ती माझ्याशी बोलत न्हाई." जायला उठले आणि दारातून मागं वळून म्हणाले, "तुमी हे लिहून द्या. मला तोंड न्हाई."

म्हणून हे पत्र. रेवणप्पा बाहेर ओसरीवर बसलेत, चहाला हात लावलेला नाही. पाचच्या एसटीनं ते बोरीला निघतील, पत्र त्यांच्याच हाती देतोय. त्यांना वाचता येत नाही; तू वाचत असशील तेव्हा ते तुझ्या तोंडाकडं बघत बसतील. मल्लम्मा, माझ्याशी कधीच बोलली नाहीस तरी चालेल. त्यांच्याशी बोल.

तुझाच,
दिनकर सर
(‘सर’ नको वाटलं तर खोडून टाक.)