अर्धा इंची विश्व

४ मार्च

ताईला बोलायची बंदी झाली. काल घशातली गाठ काढली. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर तोंडातून अवाक्षर नको. कुजबुजसुद्धा नको. मध्ये एकदा तपासू, मग आवाजाचं बघू." जन्मभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं तिने. तिचा आवाज ऐकून मागच्या बाकावरचेच काय, शेजारच्या वर्गातलेही जागे व्हायचे म्हणतात.

तिला सोबत म्हणून मी राहायला आलो. बायको म्हणाली, "खुशाल जा. घरातला एक बोलघेवडा कमी झाला की मलाही विश्रांती."

६ मार्च

ग्रंथपाल आला होता. दरवर्षी ताई त्यांच्या सभागृहात व्याख्यान देते. यंदाचा विषय: सापेक्षतेच्या सिद्धांतातून निघणारी विश्वाची चित्रं, सर्वांना कळेल अशा भाषेत. यंदा खंड पडला तर समिती सभागृह नृत्यवर्गाला देणार. एकदा दिलं की दिलं.

ताईने पाटीवर लिहिलं: "हा बोलेल."

हा म्हणजे मी. वर्तमानपत्रात दर रविवारी लोकांची टिंगल करतो, तेवढाच माझा धंदा. विश्वाशी माझा संबंध त्याच्या नावाने खडे फोडण्यापुरता. ग्रंथपालाने मला वरून खाली पाहिलं. "साहेब विनोदी बोलतात ना पण?"

ताईने लिहिलं: "विश्वाला चालतं."

म्हटलं ठीक, एवढ्या वेळेपुरतं. पुढच्या वर्षी ताई आहेच. ताई पाटी पुसत होती.

७ मार्च

पाटीचा कंटाळा आला म्हणून तिने टेबलावरची घंटी काढली — कार्यालयात शिपायाला बोलवायला असते ती, डोक्यावर टिचकी मारली की वाजणारी. नियम असा: एकदा वाजली की चूक. दोनदा वाजली की बरोबर, पुढे चल. नियम फक्त विश्वाला लागू असेल असं मला वाटलं होतं. सकाळी म्हणालो, "चहा फक्कड झालाय." टिंग.

चहा मीच केला होता.

९ मार्च

पहिला धडा: जड वस्तूमुळे अवकाश वाकतं. मी पुस्तकातलं नेहमीचं उदाहरण दिलं. ताणलेली चादर, मधोमध भोपळा ठेवा, चादरीला खळगा पडतो, सोडलेली गोटी भोपळ्याकडे घरंगळते. टिंग.

"का? सगळेच हे सांगतात."

पाटी: "खळगा कशाने पडला? पृथ्वी भोपळ्याला खाली ओढते म्हणून. म्हणजे गुरुत्व समजवायला गुरुत्वच उसनं आणलंस."

मग तिनेच चेंडू आणला. विषुववृत्तावर दोन ठिपके काढले. दोन मुंग्या, दोघी नाकासमोर उत्तरेला चालल्या. कुणी कुणाला ओढत नाही. तरी जवळ येत येत ध्रुवावर एकमेकींवर आदळतात. ओढ कुठेच नाही, वाटच तशी आहे. हे मला शाळेत असताना कुणी सांगितलं असतं तर मी रविवारच्या सदराला लागलो नसतो.

हे वाक्य मोठ्याने म्हटलं. टिंग.

१२ मार्च

ज्याने सिद्धांत मांडला त्याला विश्व जागच्या जागी हवं होतं. समीकरण काही ऐकेना. ते म्हणे, द्रव्य द्रव्याला जवळ आणणार, पसारा कोसळणार. मग त्याने समीकरणात एक जादा पद घातलं, बाहेर रेटणारं. तोल साधला, पण टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीसारखा. कुणी शिंकलं की गेला. पुढे दुसऱ्यांनी दाखवलं की विश्व स्थिर असायची सक्तीच नाही, ते फुगू शकतं. मग लांबच्या दीर्घिका दूर जाताना दिसल्या. जादा पद काढून टाकलं. आणि कित्येक वर्षांनी कळलं की फुगण्याचा वेग वाढतोय, तेव्हा तेच पद परत आत! भांडून घालवलेल्या जावयाला मान देऊन परत बोलवावं तसं.

टिंग टिंग. या वयात मला एवढा आनंद व्हावा हे लाजिरवाणं आहे.

१५ मार्च

फुगणारं विश्व कसं दाखवायचं? फुग्याला ताईची मनाई नाही, पण तो प्रत्येकाने फुगवून झालाय. पायजम्याकडे बघता बघता सुचलं. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेलो.

"इलॅस्टिक द्या."

"कशाला हवंय?"

"विश्व दाखवायचंय."

शिंप्याने मान वर केली नाही. "अर्धा इंची की एक इंची?"

अर्धा इंची घेतलं. जाता जाता म्हणाला, "धुतल्यावर सैल पडेल हो."

१६ मार्च

इलॅस्टिकवर सेफ्टी पिना लावल्या. ताणलं. कुठल्याही पिनेवर बसून बघा, बाकीच्या सगळ्या दूर जातात, आणि जी जास्त लांब ती जास्त वेगाने. प्रत्येक पिनेला वाटतं की मीच मध्यभागी. आमच्या संपादकासारखं.

टिंग. ताईने इलॅस्टिकची दोन टोकं दाखवली. विश्वाला टोक कुठून आलं?

टोकं शिवून कडं केलं. आता टोक नाही, इलॅस्टिकवरून चालत राहिलं तर फिरून घरी. हे झालं बंदिस्त विश्व. मी कमरेला चढवलं आणि म्हणालो, "आणि मध्यभागी माझं पोट."

टिंग! पाटी: "पोट इलॅस्टिकवर आहे का?"

नाही. पिनांच्या जगात पोट नाहीच. त्यांना इलॅस्टिकवरच्याच जागा ठाऊक, आणि त्यातली कुठलीच मधली नाही. मी आजवर दिलेल्या प्रत्येक उदाहरणात मधोमध काहीतरी बसवलं होतं, आधी भोपळा, मग मी. ताई आवाज न करता हसली. खांदे हलले फक्त. तिचं हसू आवाजाशिवाय पहिल्यांदाच पाहिलं.

१९ मार्च

तपासणी. ताई आत एकटीच गेली, मला हाताने बाहेरच बसवलं. बराच वेळ लागला. बाहेर आली तेव्हा विचारलं, "काय म्हणाले?" तिने पर्स बंद केली आणि रिक्षाला हात केला. घंटी घरी, पाटीही घरी.

घरी येऊन तिने कपाट उघडलं आणि फळ्यावर दाखवायची छडी माझ्या हातात दिली. ती छडी ती कुणाला हात लावू देत नसे. मी म्हटलं, "व्याख्यानापुरती घेतो." मग लगेच सरावाला बसवलं. कालच्या दुप्पट.

२२ मार्च

बंदिस्त विश्वात त्या दोन मुंग्या जवळ येतात, सपाट विश्वात समांतर राहतात, उघड्या विश्वात दुरावत जातात — ही तिन्ही चित्रं एकाच समीकरणातून निघतात, हे पचत नव्हतं. शिंप्याची आठवण झाली. समीकरण म्हणजे त्याचा कागदी साचा. माप टाकेपर्यंत कपडा कुणाचा ते कळत नाही. माप म्हणजे विश्वात द्रव्य किती, आणि ते जादा पद किती. ती मापं आकाशात बघूनच घ्यावी लागतात, घरी बसून नाही. आतापर्यंतच्या मापांवरून विश्व जवळपास सपाट दिसतं.

टिंग टिंग. हल्ली एकेरी टिंग कमी वाजते, आणि मला ते थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

२८ मार्च

झालं व्याख्यान.

सभागृह भरलं होतं. नृत्यवर्गाच्या बाईही आल्या होत्या, बहुधा आरसे कुठे लावायचे ते बघायला. ताई पहिल्या रांगेत, घंटी मांडीवर. ग्रंथपालाने लोकांना नियम सांगून टाकला, त्यामुळे माझ्यापेक्षा घंटीकडेच सगळ्यांचं लक्ष.

चेंडू चालला. जावई चालला. इलॅस्टिक कमरेला चढवलं तेव्हा लोक हसले, पोट काढून टाकलं तेव्हा गप्प झाले. गप्प झालेले जास्त आवडले. मग भरात येऊन म्हणालो, "दीर्घिका अवकाशातून सुसाट पळतायत." टिंग. सभागृहात खसखस. दुरुस्त केलं: पिना इलॅस्टिकवरून धावत नाहीत, मधलं इलॅस्टिक वाढतं. आणि त्यांच्यामध्ये प्रवासाला निघालेला प्रकाशही ताणला जातो, म्हणून लालसर होऊन पोचतो.

मागून एक निवृत्त वकील उठले. "म्हणजे माझं घरही फुगतंय?"

"नाही. पिन फुगत नाही, तिचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. घर मोठं हवं असेल तर बिल्डरकडेच जावं लागेल."

"बरं. मग विश्वाच्या बाहेर काय आहे?"

तोंडात तीन विनोद तयार होते. ताईकडे पाहिलं. तिचं बोट घंटीवर. म्हणालो, "बाहेर आहे असं हे समीकरण म्हणतच नाही. त्यापलीकडचं मला माहीत नाही."

बोट तिने काढून घेतलं.

सभागृह वाचलं. ग्रंथपाल म्हणाला, "पुढच्या वर्षीही हेच ठेवू, घंटीसकट."

२९ मार्च

वकिलांचा फोन. रात्रभर बाहेरचाच विचार करत होते म्हणे. मला अपराधी वाटायला हवं. वाटत नाही.

३१ मार्च

जेवताना सहज म्हणालो, "पुढच्या वर्षी मात्र तूच. तोवर आवाज येईल तुझा."

घंटी मिठाच्या बरणीशेजारी होती. ताईने घास संपवला, डावा हात पुढे केला.

एकदाच वाजली.