टाकीला झालेलं अजीर्ण

लालबाग, मुंबई
शिमग्याच्या आधीचा रविवार

ती. स्व. रघुदादा यांस,

लालबागहून दत्तारामचा शिरसाष्टांग नमस्कार. (जावयाने बायकोच्या भावाला शिरसाष्टांग घालायची रीत आपल्यात नाही, हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही वयाने मोठे, आणि पत्रात वाकायला कंबर लागत नाही.) तुमचा गुडघा आता कसा आहे? सासूबाईंचा खोकला? विहिरीचं पाणी शिमगा काढेल ना? गाय व्याली असेल तर पाडा झाला की पाडी, तेही सवडीने कळवावं. वहिनींनी दिलेलं लोणचं संपलं, एवढं त्यांच्या कानावर घाला. इकडे मी अत्यंत खुशाल आहे. सौ. सुभद्रा तिकडे खुशाल असेलच. पालखीसाठी ती महिनाभर आधी येऊन राहिली, यात कुणी वेगळं काही समजू नये. पालखी कुणासाठी थांबत नाही, लवकर गेलेलं बरं, असं मी चाळीत सगळ्यांना सांगितलं आहे. ती तुमच्यापाशी काही बोलली नसेल. बोलली असती तर मला हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

आता माझ्या नोकरीविषयी. ती तुम्हाला नीट कुणी सांगितलेली नाही. सुभद्रेने सांगितली ती जरा मोठी करून आणि चाळीतल्या लोकांनी सांगितली असेल ती फारच लहान करून. मी मिलमध्ये बॉयलरवर फायरमन होतो, हे तुम्हाला आठवत असेल. संप झाला तेव्हा आम्ही भट्टीतला विस्तव ओढून काढला आणि दिवाळीच्या आत परत पेटवू, असं म्हणत घरी आलो. ती भट्टी परत पेटली नाही. पुढच्या वीस वर्षांत मी छत्र्या दुरुस्त केल्या, लिफ्ट चालवली, लिफाफे वाटले, आणि एका लग्नाच्या हॉलवर शेरवानी घालून पाहुण्यांवर गुलाबपाणीसुद्धा शिंपडलं. (एका पाहुण्याच्या डोळ्यात गेलं, ती नोकरी तिथेच संपली.) घर चालवलं ते सुभद्रेने. सकाळी आमच्या एवढ्याशा खोलीत खानावळ, दुपारी मिरची कांडपाच्या दुकानात मसाला भरायचा. ती घरी आली की सगळी चाळ शिंकायची. आणि कुणी विचारलं, तुमचे हे काय करतात, तर ती सांगायची, "मिलमध्ये होते." वीस वर्षं 'होते'! दादा, जिवंतपणी स्वतःबद्दल 'होते' ऐकून बघा एकदा. आपल्याच फोटोला हार घातलाय आणि आपण खाली बसून चहा पितोय, असं वाटतं.

तर गेल्या पावसाळ्यानंतर शीव कोळीवाड्याच्या कडेला एका संस्थेने कचऱ्यापासून वीज करायचा छोटा कारखाना काढला आणि मला तिथे लावून घेतलं. काम समजायला सोपं आहे. मंडईतली सडकी भाजी, देवळातले हार, खानावळींतलं उष्टं, मासळीची टाकलेली डोकी-आतडी, असं सगळं दळायचं, पाण्यात कालवायचं आणि एका भल्यामोठ्या बंद टाकीत सोडायचं. टाकीत डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. ते हे सगळं खातात आणि गॅस सोडतात. (तेच आपणही करतो, पण आपलं कुणी कौतुक करत नाही.) त्या गॅसवर इंजिन चालतं आणि इंजिनावर मासळी बाजाराच्या गल्लीतले दिवे लागतात. आमचे साहेब शरच्चंद्र म्हणून आहेत, पुण्याचे, वयाने माझ्या मुलासारखे, पण मला 'अहो दत्ताराम' म्हणतात. त्यांनी माझ्या खिशाला बिल्ला लावला, त्यावर लिहिलं होतं 'टेक्निशियन'. तो बिल्ला सुभद्रेने आधी देवापुढे ठेवला आणि मग नळावर जाऊन सांगितलं, "आमचे हे पॉवरहाऊसात आहेत." आहेत, दादा! तो 'आहेत' मी खोलीत बसून ऐकला आणि उगाचच उठून खिडकीचे गज पुसले.

पुढचे परिणाम मात्र मला एकट्याला भोगावे लागले. चाळीत कुणाचाही फ्यूज उडाला की माझं दार वाजायचं. समोरच्या गंगुबाईंचा टीव्ही मुंग्या दाखवू लागला तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच मुंग्या सोडल्या. आणि वास. त्याच्याबद्दल कमी लिहितो, कारण तुम्ही हे पत्र जेवणानंतर वाचत असाल. बसमध्ये मला बसायला जागा मिळू लागली, आजूबाजूचीसुद्धा. सुभद्रेने मला गॅलरीतच रिठ्याने आंघोळ घालायचा नेम केला, पण एका शब्दाने कुरकुर केली नाही. उलट गंगुबाईंनी नाकाला पदर लावला तेव्हा म्हणाली, "विजेचा वास असाच असता गे बाय."

आता मुख्य प्रकार. गल्लीतले दिवे पहिल्यांदा लावायचा समारंभ ठरला. त्याआधी दोन दिवस साहेब चुलतभावाच्या लग्नाला पुण्याला गेले. जाताना टाकीत रोज किती घालायचं ते मला तीन-तीनदा सांगून गेले. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी बघतो तर गॅसचा काटा जरासा खाली. तुम्हीच सांगा, बॉयलरवर आयुष्य घालवलेला माणूस काय करील? वाफ कमी झाली की कोळसा जास्त मारायचा! मी शेवंताबाईंना गाठलं. (ह्या कोळीवाड्यातल्या. मासळीचा टाकाऊ माल त्याच आम्हाला देतात. आवाज असा की खाडीपलीकडची होडी वळावी.) म्हटलं, असेल नसेल तेवढं आणा, उद्या आमचा समारंभ आहे. नेमका त्याच दिवशी बर्फ न मिळाल्यामुळे त्यांचा कोळंबीचा माल खराब झाला होता. बाईंचं मन मोठं. "घे रं दादूस, तुज्या टाकीचं पोट भरून जेवण होऊं दे," म्हणत टोपल्यांमागून टोपल्या आल्या. माझ्या जुन्या हॉलवाल्यानेही उरलेला तुपातला शिरा पाठवला. मी सगळं दळून आत सोडलं. संध्याकाळी काटा खरंच वर चढला! मला वाटलं, साहेब शिकलेले असतील, पण भट्टीची जात आपल्याला कळते.

समारंभाला सुभद्रेने चाळीतल्या पाच बायकांना घेऊन यायचं ठरवलं होतं. मला बोलली नव्हती. त्या आल्या त्या लग्नाला निघाल्यासारख्या. सुभद्रेने तिची ती जांभळी साडी नेसली होती, तुम्ही तिला तुमच्या रूपाच्या लग्नात घेतलेली. त्या पाचही जणी आणि सुभद्रा टाकीच्या अगदी जवळ, पुढच्या रांगेत. साहेब पुण्याहून थेट येऊन पोचले, टाकीकडे बघितलं आणि पळतच आले. पण तोवर पाहुण्यांनी बटण दाबलं होतं. दिवे लागले. टाळ्या झाल्या. मग दिवे पिवळे झाले, मग लाल झाले, इंजिनाने एक उचकी दिली आणि थांबलं. आणि दादा, टाकीच्या कडेने आवाज यायला लागला. दुधाला उतू जाण्याआधी येतो ना, तसा. पुढचं थोडक्यात लिहितो: फेस आला. साधासुधा नाही, कोळंबीचा, तुपाचा, चार दिवसांच्या झेंडूचा करडा फेस, डोक्याएवढा उंच उसळून खाली आला आणि पुढची रांग न्हाऊन निघाली. पाहुणे मागे होते, ते वाचले. गंगुबाईंनी चेहऱ्यावरचा फेस निपटला आणि भर गर्दीत म्हणाल्या, "सुभद्रे, ह्यां तुझ्या घोवाचा पॉवरहाऊस? ह्येच्यापेक्षा आमचा गटार बरा!"

लोक हसले. त्यात चूक काही नाही, मी तिथे नसतो तर मीही हसलो असतो. सुभद्रा मात्र हसली नाही आणि रडलीही नाही. घरी आली, पाचही जणींच्या साड्या मागून घेतल्या, नळावर बसून धुतल्या, वाळवल्या, इस्त्री केल्या आणि जिच्या-तिच्या दारात नेऊन दिल्या. स्वतःची जांभळी सगळ्यात शेवटी धुतली, तिचे डाग मात्र गेले नाहीत. मग मला म्हणाली, "आईक बघून येतंय." मी म्हटलं, ये. आणि तिची पिशवी उचलून गाडीत ठेवून दिली. मी तिला काही म्हणावं अशी तिची अपेक्षा होती की काय, हे मला गाडी सुटल्यावर कळलं.

साहेब मला काढून टाकतील म्हणून मी दुसऱ्या दिवशी बिल्ला काढूनच गेलो. ते टाकीपाशी उकिडवे बसले होते. म्हणाले, "अहो दत्ताराम, चूक माझी. किती घालायचं ते मी सांगितलं, का ते सांगितलंच नाही." मग त्यांनी समजावलं. हा बॉयलर नव्हे, हे पोट आहे. एकदम खाल्लं की आतलं आम्ल वाढतं, जंतू आजारी पडतात, गॅस येतो पण पेटत नाही. म्हणजे टाकीला अजीर्ण झालं होतं. उपाय? लंघन! काहीही घालायचं नाही. थोडी थोडी चुन्याची निवळी, तबेल्यातलं ताजं शेण, आणि वाट बघायची. संस्थेच्या मंडळींनी मात्र मुदत दिली. शिमग्यापर्यंत गॅस पेटला नाही तर कुलूप.

वाट बघणं. दादा, तेवढं एकच काम मला जमत नाही. जन्मभराची वाट मी संपात बघून संपवली आहे. तेव्हाही भट्टी थंड होती आणि आम्ही गेटाबाहेर बसून होतो, आज उद्या करत. इथे फरक एवढाच की मी गेटाच्या आत होतो. रोज सकाळी टाकीतलं पाणी काढून त्यात रंगीत कागद बुडवायचा आणि रंग बघायचा. तांबूस आला की चुना. मी टाकीशी बोलायलाही लागलो. (मोठ्याने नाही. फार मोठ्याने नाही.) शेवंताबाईंनी ते ऐकलं. मला वाटलं, आता ह्या सगळ्या बाजाराला सांगणार. पण त्या शेजारी टोपली उपडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "माजा घरवाला तापानं पडलेला तवा मी पन असंच बोलत व्हती. बोल तू. कान असतात सगल्यांना." त्या गल्लीतल्या बायका टाकी हलवा म्हणून अर्ज करायला निघाल्या होत्या. शेवंताबाईंनी त्यांना थांबवलं. म्हणाल्या, "पोट बिघडलं म्हनून पोराला कोन टाकून देतं काय?"

मग कागदाचा तांबूसपणा हळूहळू उतरला. साहेबांनी थोडी भाजी घालायला सांगितली, मी आजाऱ्याला पेज भरवावी तशी घातली. परवा संध्याकाळी त्यांनी नळीला काडी लावली. पहिली विझली. दुसरी विझली. तिसरीला निळी ज्योत उभी राहिली, हाताएवढी, अजिबात न हलता. वीस वर्षांनी, दादा, माझ्या हातचं काहीतरी पेटलं. मी साहेबांसमोरच डोळे पुसले आणि चुना गेला म्हणून सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला. पुण्याचे असले तरी माणूस चांगला आहे. मग इंजिन चालू केलं. गल्लीत दिवे लागले, आणि लागलेले राहिले. बायका पाट्या घेऊन दिव्यांखाली बसल्या, पापलेटं चांदीच्या ताटांसारखी चमकायला लागली. मी मागे वळून बघितलं. सवयीने. कुणाला दाखवायचं म्हणून. आणि मागे कुणी नव्हतं.

असो. इकडचं हे असं आहे. सासूबाईंना नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
दत्ताराम

ता. क. सुभद्रेला परतायची घाई करू नये असं सांगावं. माझं जेवणखाण उत्तम चाललं आहे.

ता. क. २. वरच्या ओळीत जेवणाबद्दल लिहिलं ते खरं नाही. मी रोज पाव खातो. गेल्या आठवड्यापासून गंगुबाई डबा आणून देतात आणि दारातच उभ्या राहून म्हणतात, "मिया बोललंय ता चुकीचा बोललंय. तिका बोलवून घे रे." मी त्यांना सांगितलं, ती पालखीला गेली आहे. त्या म्हणाल्या, आम्ही काय मुंबईत आज आलोय?

ता. क. ३. दिवे लावायचा समारंभ परत होणार आहे, पाहुण्यांशिवाय. बटण कुणी दाबायचं यावर कोळीवाड्यात बरीच चर्चा झाली. शेवंताबाई म्हणाल्या, जिची साडी गेली तिनेच दाबायचं. तरी सुभद्रेला येच म्हणून सांगू नका. फक्त हे पत्र मोठ्याने वाचा. ती चुलीपाशी असेल तर जरा आणखी मोठ्याने.

ता. क. ४. साहेबांनी मला दोन दिवसांची रजा दिली आहे. टाकीला जेवण शेवंताबाई घालणार आहेत, मापाने. उद्याच्या एसटीने मी निघतो आहे. टपालाचं काही खरं नाही, त्यामुळे मी आधी पोचलो आणि पत्र मागून आलं असं होऊ शकतं. तसं झालं तर मला काही विचारू नका. चहा द्या, ओटीवर बसवा, आणि सगळ्यांनी मिळून पोस्टमनची वाट बघू. हे एवढं सगळं मला तिच्यासमोर तोंडाने सांगता येणार नाही.