पायरीवर उघडते, दुकानात नाही

तीर्थरूप भाऊजींस,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? ताईचा खोकला? इकडे सगळे बरे आहेत, मी सोडून. (आपलं चार महिने बोलणं नाही, हे लक्षात आहे. म्हणूनच पत्र, आणि तेही बायकोच्या हाती.)

उद्या अकराला ग्रंथालयाची समिती माझ्या तळघरातल्या दुकानात येतेय. सहाशे जुन्या पुस्तकांची बांधणी मला द्यायची की नाही, हे माझ्या कामाचे फोटो मोठ्या पडद्यावर पाहून ठरणार, आणि फोटो आहेत तुम्ही बनवून दिलेल्या वेबसाइटवर. ती जगभर उघडते, फक्त माझ्या दुकानात उघडत नाही! साइट ज्यांच्याकडे ठेवलीय ते होस्टिंगवाले म्हणतात, आमचं ठीक आहे, इंटरनेटवाल्यांना विचारा. इंटरनेटवाले म्हणतात, बाकीच्या साइट उघडतात ना, मग होस्टिंगवाल्यांना विचारा. तीन दिवस माझा चेंडू झालाय. शेवटी वैतागून दोघांना फोन लावले आणि माझा नि बायकोचा मोबाईल जिन्याच्या पायरीवर (खाली रेंज नाही) तोंडाला तोंड लावून ठेवले. म्हटलं, घ्या, तुमचं तुम्ही मिटवा. वीस मिनिटं दोघांनी एकमेकांना संगीत ऐकवलं आणि आपला कॉल महत्त्वाचा असल्याचं सांगितलं. बायको म्हणाली, "तुमच्यापेक्षा नि भाऊजींपेक्षा बरे, निदान बोलतायत तरी."

आज इंटरनेटवाल्यांचा माणूस आला. वायरी तपासल्या, पायरीवर जाऊन स्वतःच्या मोबाईलवर साइट उघडली, माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि तिथूनच होस्टिंगवाल्यांना गाठलं. तेव्हा कळलं, दार त्यांनीच लावलंय. या दुकानातून कुणीतरी एकतीस वेळा चुकीचा पासवर्ड टाकला, म्हणून दुकानाचं कनेक्शन अडवलं. आता खातेदाराने सांगितल्याशिवाय ते उघडणार नाहीत, आणि खातेदार तुम्ही. जग किती वाईट पाहा, साध्या बुकबाइंडरवरही चोरांचा डोळा!

तुमचा धाकटा मेहुणा

ता. क. चोर मीच. साइटच्या तळाशी तुमचं नाव आहे, ते भांडणानंतर मला खोडायचं होतं. घरातल्या सगळ्यांच्या वाढदिवसाच्या तारखा घालून पाहिल्या.

आणखी एक ता. क. नाव राहू द्या. अक्षर मोठं केलंत तरी चालेल. ज्यावरून आपण भांडलो, ते साइटवरचे फोटो तिरके नव्हते, माझाच पडदा कलला होता. (ताईला हे वाचून दाखवू नका.) पण होस्टिंगवाल्यांना उद्या सकाळी नऊच्या आत सांगा.

शेवटचा ता. क. त्यांना सांगून झालं की मलाही एक फोन करा. मी पायरीवरच बसलोय.