मातीत चामडं न्हाई

तलवाडा. पौष वद्य ३, शके १८४१

पाय आला. मुंबईहून जालन्यापर्यंत रेल्वेनं, पुढं बैलगाडीनं. पेटीत गवत घालून, हापूस आंबा पाठवावा तसा. हलकं लाकूड, वर चामड्याची वाटी, मांडीला आवळायला चामड्याचेच पट्टे. रंग गोऱ्या साहेबाच्या कातडीचा. अंगणात अर्धं गाव.

आबा म्हणाले, "रंगा, तुझ्या गेलेल्या पायापरीस ह्यो देखना हाय की." सगळे हसले. मीही हसलो. थोरला भाऊ, गावचा पाटील, दोन्ही पाय शाबूत. त्यांना विनोद सुचायचाच.

पौष वद्य ९

अंगणात चाललो. भिंत धरून. खुंटाची साल निघाली. काशीनं हळद-तेल लावलं, म्हणाली, "हळूहळू हुईल, अवो."

घरात जो तो हळूहळू म्हणतो. आषाढात सिंदफणेच्या वाळूत भरल्या गाडीचं चाक पायावरून गेलं, ते काही हळूहळू गेलं नाही. जालन्याच्या डॉक्टरनं कापतानाही घाईच केली. गुडघा वाचला हे नशीब म्हणे.

माघ शुद्ध ४

गोठ्यामागं मेहनत सुरू केली. तिथं फक्त बैल बघतात.

जोर निघतात. मुदगलांची जोडी फिरते, हात अजून माझेच आहेत. बैठक मात्र नाही. लाकडी घोटा वाकत नाही. खाली बसायला गेलं की माणूस पाठीमागं पोत्यासारखा. तीनदा पडलो. ढवळ्या रवंथ थांबवून बघत होता. त्याला शिवी दिली.

चैत्री पौर्णिमेला हनुमान जयंती. दिवस उगवताना आखाड्यात पहिली कुदळ मारायचा मान मागल्या जत्रेतली शेवटची कुस्ती मारणाऱ्याचा. तालीम वडिलांनी बांधली म्हणून नव्हे, मी कुस्ती मारली म्हणून तो मान माझा. मला कुणी चीत केलेलं नाही. चाकानं केलं, आणि चाक काही लंगोट लावून उतरत नाही.

यंदाही कुदळ मीच मारणार. उभं राहून. बास.

माघ वद्य १

आज तालमीपर्यंत गेलो. काठीशिवाय. घामानं सदरा भिजला, पण गेलो.

खंडू वस्ताद उंबऱ्यावर बसलेले. मला बघून उठले. ज्यांनी मला नवव्या वर्षी मातीत घातलं ते म्हातारे उठले, एवढ्यानंच डोळे भरून आले माझे. मग त्यांनी खाली बघितलं.

"मातीत चामडं न्हाई, रंगा."

"वहाण काढली की, वस्ताद."

"वहान काढलीस. ह्ये?" वाटीकडं बोट. "मारुतीम्होरं चामडं न्हेत न्हाईत, हे तुला म्या सांगावं व्हय?"

 ते म्हणाले, "काढून ठिव हितं. पोरं उचलून घेतील तुला."

दारात वहाणांची रांग होती. त्या रांगेत माझा पाय उभा करायचा आणि मी पोरांच्या खांद्यावर बसून माझ्याच तालमीत जायचं. देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णासारखं. परत फिरलो. आत आबांचा पोरगा सर्जा जोर मारत होता. थांबला, पण मान वर केली नाही त्यानं.

माघ वद्य ५

आबांना म्हटलं, वस्तादांना दोन शब्द सांगा.

"वस्तादाच्या सबदाम्होरं आपन काय बोलावं? आवंदा सर्जा मारील कुदळ. मान घरातच ऱ्हातो की."

घरातच! माझा घास सर्जाच्या ताटात, आणि ताट घरातलंच म्हणून मी ढेकर द्यायची.

माघ वद्य १२

पांडू सुताराकडं गेलो. म्हटलं, चामड्याचा तुकडासुद्धा नसलेला पाय कर. तो आधी बघतच राहिला. "अण्णा, आमी नांगर करतो, पाय न्हाई केला कंदी." म्हटलं, मग नांगर समजून कर. बाभळीचं लाकूड. वाटीत घोंगडीचे तुकडे. पट्ट्यांच्या जागी बाजेची नवार.

"जड हुईल लई. पर मोडायचा न्हाई." जन्माचा दाखला दिल्यासारखं बोलला.

फाल्गुन शुद्ध ८

बा.चा पाय (बाभळीचा) घालून आठवडा. मुंबईचा कोपऱ्यात जावयासारखा बसून आहे. तो घातला की दुखत नाही. हा घातला की रक्त येतं. घोंगडी घासते. नवार सैल पडते, आवळली की मांडी काळीनिळी.

काशी म्हणाली, "कावून येवढा हट्ट? मारुतीला काय तुमचा पाय बघायचा हाय?"

ओरडलो तिच्यावर. नको ते बोललो. तिनं रक्तानं माखलेली चिंधी पुढ्यात टाकली. "मंग धुवा तुमचं तुमी."

धुतली. रक्त गार पाण्यानं निघतं. हेही शिकून झालं.

फाल्गुन वद्य ५

नदीच्या रस्त्यानं जाऊन आलो, बा.च्या पायावर, न थांबता. रस्ता टणक, पाय ठक्‌ठक् वाजतो. कुत्री आधी उठतात, मग माणसं. पारावरून कुणीतरी, "पैलवान, ह्या पायालाबी तेल लावता का?" काठी उगारली. पळाले. ज्यांना मी एका हातानं उचललं असतं ती माणसं पळताना हसत होती.

खुंटाला आता घट्टा पडलाय. दुखतं, पण रक्त नाही.

चैत्र शुद्ध १, शके १८४२

पाडवा. गुढी सर्जानं उभी केली. मी नुसता काठीला हात लावून होतो. कडुलिंब यंदा फारसा कडू लागला नाही.

चैत्र शुद्ध १४

दुपारी तालमीत गेलो. पोरं जत्रेच्या मांडवाकडं गेलती. वस्ताद एकटेच. बाभळीचा पाय सोडून पुढं केला. म्हटलं, बघा.

त्यांनी वाटीत हात घातला, नवार चाचपली, पाय खालीवर उलटून बघितला. "खिळे?" "लाकडी." पाय माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "रंगा, चामड्याचं म्या नाव घेतलं. तुझ्या तोंडाकडं बघून दुसरं सांगवंना."

"दुसरं काय?"

"पडशील. समद्या गावाम्होरं. ते मला बघवायचं न्हाई, बाबा."

दोन महिने. दोन महिने मी रक्त गाळून चामडं काढत बसलो, आणि म्हाताऱ्याच्या मनात चामडं नव्हतंच. रागारागानं पाय परत चढवला, नवार करकचून आवळली. म्हटलं, कुदळ द्या. आत्ता.

दिली.

आखाडा आधीच भुसभुशीत केलेला होता, उद्यासाठी तेल, ताक, हळद घालून. पहिलं पाऊल चांगल्या पायाचं. दुसरं बाभळीचं. ते आत गेलं. जातच राहिलं. रस्त्यावर चाललो, अंगणात चाललो, गोठ्यामागच्या फरशीवर जोर मारले, पण मऊ मातीत एकदा उभं राहून बघायचं डोक्यात आलं नाही. मला! ज्याचा जन्म त्या मातीत गेला त्याला. तोंडावर पडलो.

वस्तादांनी हात दिला नाही. मातीत पडलेल्याला हात देत नाहीत. पोरांना मीच हे शिकवत आलो. उठलो. पुन्हा पडलो. तिसऱ्यांदा कुदळीवर जोर देऊन उभा राहिलो, उचलली, घाव घातला. घाव बसला आणि मागोमाग मीही.

वस्ताद म्हणाले, "सकाळी असंच हुईल. लोक हसतील. चालंल?"

मी कुदळ धरून उठलो.

"दिस उगायच्या आत ये. न्हाई आलास तर सर्जाला कुदळ देतो. पर मी आता न्हाई म्हनायचा न्हाई."

संध्याकाळी घरी. काशीनं केसातली माती बघितली. "कुठं पडलात?" घाबरली होती.

"तालमीत."

ती जवळ आली, पदर पुढं केला, आणि तो तसाच मागं घेतला. म्हणाली, "मंग धुऊ नगा. वाळू द्या अंगावर." पूर्वी कुस्ती करून आलो की असंच म्हणायची. आषाढापासून पहिल्यांदा तिनं मला पुसलं नाही.

आता अंगावरची माती ताणते आहे. वस्तादांवरचा राग गेलेला नाही. आबांवरचाही नाही. सर्जाचा तर काय दोष, पण त्याच्यावरचाही नाही. उद्या मुंबईचा घालून दारात भांडायचं, बाभळीचा घालून पडायचं, की दोन्ही काढून गुडघ्यावर जायचं, ते ठरलेलं नाही.

काशीनं घरची कुदळ धुऊन दाराशी उभी केली आहे. मी सांगितलं नव्हतं.